राउटरचे लॅन पोर्ट संपले. स्विच, स्प्लिटर की दुसरा राउटर? (अपडेट: ३०० चा प्लॅन, वायरीवर मात्र ९४)

घोडबंदरवाली | शनिवार, सकाळी ९:४०

मंडळी, या विभागात मी एरवी नुसती वाचक असते, आज मदत हवी आहे.

ठाण्यात टॉवरमधला टू बीएचके. फायबर कंपनीने दिलेला पांढरा डबा (वायफाय त्यातच आहे) पॅसेजमध्ये मेन बोर्डाखालच्या कप्प्यात बसवलाय. बिल्डरने सगळ्या खोल्यांच्या वायरी तिथेच आणून सोडल्यात. डब्याला मागे चार लॅन पोर्ट: एकात हॉलचा टीव्ही, एकात कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा), एकात मुलाचा प्लेस्टेशन आणि चौथ्यात माझ्या कामाच्या खोलीकडे जाणारी वायर. झाले चार.

गोची कामाच्या खोलीत आहे. भिंतीत जॅक एकच आणि वस्तू चार: डेस्कटॉप, ऑफिसचा लॅपटॉप, प्रिंटर आणि फोटो साठवायला घेतलेला एनएएस (नेटवर्कवरची हार्ड डिस्क). दिवसभर ती एक वायर याच्यातून काढ, त्याच्यात घाल चाललेलं असतं. वायफायवर एनएएसला फोटो टाकायला बसलं तर कॉल अडखळतो.

दुकानदार म्हणतो, दीडशे रुपयांचा 'एकात दोन' स्प्लिटर लावा. दीर म्हणतात, आठ पोर्टचा भारीतला राउटर घ्या. माळ्यावर जुना राउटर पडलाय तो वेगळाच. प्लॅन ३०० एमबीपीएसचा. नक्की काय करू?

खटपट्या | शनिवार, सकाळी १०:०५

स्प्लिटर घेऊ नका, दीडशे रुपये पाण्यात.

इथरनेटच्या वायरीत आठ तारा असतात, म्हणजे चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात. तो स्प्लिटर एवढंच करतो की दोन जोड्या एका भोकाला आणि उरलेल्या दोन दुसऱ्या भोकाला देतो. म्हणजे दोन्ही टोकांना एकेक स्प्लिटर लावायचा, राउटरकडे तरीही दोन पोर्ट अडवायचे आणि वर दोघांनाही जास्तीत जास्त १००. एकाच टोकाला लावला तर दोनपैकी एक यंत्र चालेल, नाहीतर एकही नाही. तुमचे पोर्ट आधीच संपलेत, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य.

तुम्हाला हवा आहे पाच किंवा आठ पोर्टचा साधा गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) स्विच, अनमॅनेज्ड. टीपी-लिंक, डी-लिंक, नेटगिअर, कुठलाही चालेल. पाच पोर्टचा हजार-बाराशेच्या आसपास मिळतो. भिंतीतल्या जॅकमधून एक वायर स्विचला, उरलेल्या चार भोकांत चार वस्तू. सेटिंग काही नाही. आयपी पत्ते राउटरच वाटतो, स्विच मध्ये येत नाही.

खोक्यावर '१०/१००' लिहिलेला घेऊ नका, '१०/१००/१०००' बघून घ्या. दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेले असतात आणि डबे सारखेच दिसतात.

तिरकस | शनिवार, सकाळी १०:११

दिरांचं ऐका हो. आठ पोर्टच्या राउटरला आठ अँटेनाही येतात, उताणा पडलेल्या कोळ्यासारखा दिसतो. पाहुण्यांवर छाप पडते.

सानेकाका | शनिवार, सकाळी १०:३०

आजच्या काळात घरभर वायरी कशाला? मेश वायफाय घ्या, तीन डबे ठेवा, विषय संपला. आमच्याकडे दोन वर्षं उत्तम चालू आहे.

खटपट्या | शनिवार, सकाळी १०:४४

काका, तुमचं घर माहीत नाही, पण टॉवरच्या आरसीसी भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ किती उरतं ते मोजून बघा. मेशचे डबे एकमेकांशी हवेतून बोलतात तेव्हा तोच वेळ तुमच्या फोनकडून कापला जातो. मेशसुद्धा खरी चालते ती मागून वायर दिली की. यांच्याकडे तर भिंतीत वायरी आयत्या आहेत. त्या सोडून हवेत का जायचं?

शिवाय एनएएस आहे. डेस्कटॉपवरून एनएएसकडे जाणारी फाईल स्विचच्या आतल्या आत फिरते, राउटरपर्यंत जातही नाही. मग इकडे फोटो चढत असले तरी ऑफिसचा कॉल निवांत.

वायरमन_अण्णा | शनिवार, दुपारी १२:२०

स्विचला +१. पण ताई, घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघून ठेवा.

एक. कंपनीच्या डब्याचे चारी पोर्ट सारखे असतातच असं नाही. कैक डब्यांत एक पोर्ट गिगाबिट आणि बाकीचे १०० चे असतात. कधी खाली 'जीई' छापलेलं असतं, कधी काहीच नसतं. लॅपटॉप आणि एक छोटी पॅच कॉर्ड घेऊन कप्प्याजवळ उभं राहायचं, चारी पोर्टांत एकेकदा लावायची आणि विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघायचा. १००/१०० दिसतंय का १०००/१०००, ते कागदावर लिहून ठेवा. गिगाबिट पोर्ट कामाच्या खोलीला द्या.

दोन. भिंतीतली वायर बिल्डरची आहे. बिल्डरच्या वायरीवर विश्वास ठेवून आमचा धंदा चालत नाही, अविश्वासावर चालतो. आधी स्विच लावा, मग बघू.

कोकणी_फणस | शनिवार, दुपारी १:१५

धागा पळवत नाही, पण माझाही प्रश्न याच जातीचा आहे. रत्नागिरीजवळ गावी घर, आणि अंगणापलीकडे पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्यात. अंतर ६०-७० मीटर. राउटरपासून तिकडे लॅनची वायर नेली होती आणि टोकाला स्विच. मिरगाच्या आधीच्या गडगडाटात स्विच आणि राउटरचा एक पोर्ट दोन्ही गेले. आता परत तसंच करू का?

वायरमन_अण्णा | शनिवार, दुपारी १:४०

तसंच केलंत तर पुढच्या वळवाला परत तसंच होईल.

अंतराचा प्रश्न नाही, तांब्याची वायर १०० मीटरपर्यंत चालते. प्रश्न विजेचा आहे. वीज घरावरच पडायला लागत नाही. जवळपास पडली तरी उघड्यावरच्या लांब वायरीत झटका उतरतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट मारतो. त्यातून दोन इमारतींचं अर्थिंग वेगवेगळं. दोन इमारतींमध्ये तांबं नको, फायबर टाका. काच वीज वाहून नेत नाही. दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅनची वायर जोडणारे डबे), दोन्ही टोकं आधीच बसवून मिळणारी आउटडोअर फायबर, आणि पलीकडे तोच तुमचा पाच पोर्टचा स्विच. फायबरसोबत आधाराला लोखंडी तार असते ती दोन्हीकडे यंत्रांपासून लांबच तोडून ठेवा, नाहीतर परत तीच कथा. गडगडायला लागलं की अॅडॉप्टर सॉकेटमधून उपटायचे, ते वेगळंच.

कोकणी_फणस | शनिवार, दुपारी १:५२

अण्णा, धन्यवाद. लोखंडी तारेचं कोणीच सांगितलं नव्हतं.

गोंयकार | शनिवार, दुपारी ३:०५

जुन्या राउटरचं कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. खर्च करायचा नसेल तर तोही स्विच म्हणून चालतो. नवी वायर त्याच्या वॅन (बाहेरून इंटरनेट येतं त्या) पोर्टात न लावता लॅन पोर्टात लावायची. त्याआधी त्याच्या सेटिंगच्या पानावर जाऊन डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करायचं आणि त्याचा स्वतःचा पत्ता बदलायचा. मोठा राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२. काहींत 'अॅक्सेस पॉइंट मोड' असं एक बटण असतं, ते दाबलं की हे सगळं आपोआप होतं. वर त्या खोलीत वायफायही मिळतं.

डीएचसीपी बंद करायचं राहिलं तर घरात दोन कारभारी होतात. कुणाला कुठला पत्ता मिळेल सांगता येत नाही, आणि निम्म्या वस्तूंचं नेट निम्मा वेळ जातं.

खटपट्या | शनिवार, दुपारी ३:२०

हे बरोबर. फक्त माळ्यावरच्या जुन्या राउटरचे पोर्ट बहुतेक १०० चेच असतात. प्रिंटरला चालेल, एनएएसला जीव जाईल. राउटर स्विचपेक्षा वीजही जास्त खातो. पाच पोर्टचा स्विच साधारण ३ वॅट धरा, चोवीस तास चालू ठेवला तरी वर्षाला २६ युनिटच्या आसपास.

घोडबंदरवाली | रविवार, सायंकाळी ६:३०

अपडेट. पाच पोर्टचा गिगाबिट स्विच आणला. अण्णांनी सांगितल्याप्रमाणे आधी कप्प्याशी उभं राहून चारी पोर्ट तपासले: पहिला १०००, उरलेले तीन १००. कामाच्या खोलीची वायर पहिल्यात लावली.

सगळं चालू झालं, चारही वस्तू एकदम, काढ-घाल बंद. पण डेस्कटॉपवर स्पीड टेस्ट केली की ९४. परत केली, ९३.८. पॅसेजमध्ये लॅपटॉप पहिल्या पोर्टात थेट लावला तर ३०५ येतात. स्विच खराब निघाला का? बदलून घेऊ?

खटपट्या | रविवार, सायंकाळी ६:४१

९४ म्हणजे १०० ची लिंक. प्रत्येक पाकिटाचा वरखर्च वजा होऊन शंभरातले ९४ च हातात पडतात, हजारातले ९४० पडतात. म्हणजे कुठेतरी १०० ची गाठ आहे. स्विच परत करायची घाई नको. डेस्कटॉपवरून एनएएसवर एक मोठी फाईल कॉपी करा आणि वेग सांगा.

घोडबंदरवाली | रविवार, सायंकाळी ६:५८

८ जीबीचा व्हिडिओ टाकला. सेकंदाला १०८ ते ११२ एमबी दाखवत होता.

खटपट्या | रविवार, सायंकाळी ७:०३

मग स्विच निर्दोष, डेस्कटॉपच्या आणि एनएएसच्या पॅच कॉर्डही निर्दोष. गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपासच येतात (एक एमबी म्हणजे आठ मेगाबिट). डबाही निर्दोष, तिथे थेट ३०५ मिळालेत. राहिलं काय तर मधलं: भिंतीतली वायर, तिचे जॅक, आणि जॅकपासून स्विचपर्यंतची कॉर्ड. ती कॉर्ड आधी बदलून बघा.

घोडबंदरवाली | रविवार, सायंकाळी ७:२०

एनएएसची कॉर्ड तिकडे लावून पाहिली. तेच. एक गंमत दिसली: भिंतीतली वायर स्विचला लावली की दिवा लगेच लागत नाही. दोन-तीनदा लुकलुकतो, विझतो, मग पाच-सात सेकंदांनी स्थिर होतो, तोही नारिंगी. बाकीच्या भोकांचे दिवे लगेच आणि हिरवे.

वायरमन_अण्णा | रविवार, रात्री ८:१०

सापडलं. स्विचच्या पत्रकात बघा, बहुतेक हिरवा म्हणजे १००० आणि नारिंगी म्हणजे १०० असं असेल.

दोन्ही टोकांची यंत्रं आधी आपसात ठरवतात की हजारवर बोलू. ते ठरवायचं बोलणं केशरी आणि हिरव्या जोडीवरून होतं. ठरल्यावर चारी जोड्यांवर काम सुरू करायला जातात तर निळी आणि तपकिरी जोडी जाग्यावर नाही. परत प्रयत्न, परत फसतं. शेवटी कंटाळून १०० वर उतरतात. तो लुकलुकण्याचा वेळ त्याचाच. सगळी यंत्रं उतरतातच असं नाही, काही जागच्या जागी आडवी होतात आणि लिंकच देत नाहीत. तुमची समजूतदार आहेत.

त्या जॅकच्या शेजारी टेलिफोनचा बारका जॅक आहे का?

घोडबंदरवाली | रविवार, रात्री ८:१६

आहे! एकाच प्लेटवर दोन. फोनचा कधी वापरलेलाच नाही. तुम्हाला कसं कळलं?

वायरमन_अण्णा | रविवार, रात्री ८:३५

बिल्डरच्या कंत्राटदाराने एका वायरीत दोन कामं उरकलीत. खोलीला दोन वायरी ओढायच्या त्याऐवजी एक ओढली, केशरी-हिरवी डेटाला दिली, निळी फोनला, आणि तपकिरी गुंडाळून मागे सोडली. ब्रोशरमध्ये 'प्रत्येक खोलीत टेलिफोन आणि डेटा पॉइंट' छापता येतं. १०० च्या जमान्यात खपून जात होतं.

प्लेटचे दोन स्क्रू काढा. लाईटची प्लेट नव्हे, डेटाची. आत फोटो काढून इथे टाका. कप्प्यातलं दुसरं टोकही बघा: पारदर्शक प्लगातून आठ रंग दिसतात का चारच.

तिरकस | रविवार, रात्री ८:४०

अण्णा, तुम्ही रेराच्या कमिटीवर का नाही?

घोडबंदरवाली | रविवार, रात्री ९:२५

अगदी शब्दशः तेच! फोटो चढत नाहीये, लिहून सांगते. डेटाच्या जॅकमागे चार तारा: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, हिरवी. निळी आणि पांढरी-निळी फोनच्या जॅकच्या स्क्रूंना. तपकिरी दोन्ही तारा वायरीच्या वरच्या सालीभोवती गुंडाळून टेप मारलाय. कप्प्यात प्लगात चारच रंग, आणि निळी जोडी एका छोट्या पट्टीत खोचलेली. त्या पट्टीवर अशा तीन जोड्या आहेत. वायरीवर 'कॅट ५ई' छापलंय.

आता ही निळी तोडून डेटाला लावली तर काही बिघडेल का?

वायरमन_अण्णा | रविवार, रात्री ९:५०

थांबा. तोडायच्या आधी पट्टीवर बघा बाहेरून काय येतंय. सोसायटीचा इंटरकॉम कुठे आहे?

घोडबंदरवाली | रविवार, रात्री ९:५८

हॉलमध्ये. गेटवरून वॉचमन करतो तो. चालू आहे.

वायरमन_अण्णा | रविवार, रात्री १०:२५

मग हॉलच्या वायरीला हात लावू नका. तिच्या निळ्या जोडीवर इंटरकॉम आहे. आणि पट्टीवर तिन्ही खोल्यांच्या निळ्या जोड्या एकमेकींना जोडलेल्या असण्याची शक्यता आहे, म्हणजे तुमच्या खोलीतल्या निळीवरही तीच लाईन. फोनच्या लाईनवर एरवी डीसी असतो आणि घंटी वाजताना ७५-९० व्होल्टचा एसी. ती जोडी लॅनच्या पोर्टात गेली तर ज्या क्षणी वॉचमन 'मॅडम, डिलिव्हरी आलीय' म्हणेल त्या क्षणी पोर्ट गेला समजा.

म्हणून क्रम पाळा. कामाच्या खोलीची निळी जोडी आधी पट्टीतून मोकळी करायची. मग गेटवरून फोन करायला सांगून हॉलचा इंटरकॉम वाजतोय याची खात्री. त्यानंतर दोन्ही टोकं नव्याने बांधायची.

रंगांचा क्रम दोन्हीकडे एकच: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. निळी जोडी हिरवीच्या मधोमध जाते. हिरव्या दोन शेजारी-शेजारी लावल्या तर टेस्टरवर आठही दिवे लागतील पण लाईन धड चालणार नाही. जॅकमध्ये दाबताना जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उसवायचा नाही. आठ तारांचा जॅक लागतो, तुमचाही आठचाच असेल, चार खाचा रिकाम्या असतील. 'पंच डाउन' टूल आणि क्रिंपिंग टूल नसेल तर कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या पोराला बोलवा, सीसीटीव्ही बसवणारा बरा. त्याच्याकडे टेस्टर असतो. लाईट फिटिंगवाला नको, त्यानेच तर हे करून ठेवलंय.

कॅट ५ई गिगाबिटला पुरेशी आहे. कोणी कॅट ६ ओढायला सांगून भिंत फोडायची भाषा केली तर चहा पाजून वाटेला लावा.

सानेकाका | रविवार, रात्री १०:४०

पण मग हॉलचा टीव्ही १०० वरच राहणार. अर्धवटच झालं की.

खटपट्या | रविवार, रात्री १०:५२

काका, बहुतेक स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्टच १०० चा असतो, पाऊण लाखाच्या टीव्हीचासुद्धा. कंपन्यांनी पैसे का वाचवले ते त्यांनाच ठाऊक. फोर-के चित्रपटाला १५ ते २५ एमबीपीएस पुरतात. हॉलला ९४ म्हणजे चैन आहे. आणि हॉलच्या वायरीत डेटाला लागणाऱ्या दोन जोड्या शाबूत आहेत, इंटरकॉम तिसरीवर. दोघं सुखाने नांदतायत.

जर्सीकर | सोमवार, पहाटे ४:१५

इकडे न्यू जर्सीत आमच्या जुन्या घरात लॅनची वायर एकही नाही, पण केबल टीव्हीची कोअॅक्स प्रत्येक खोलीत आहे. मी दोन टोकांना मोका अॅडॉप्टर लावून त्याच कोअॅक्सवरून लॅन नेलंय. जवळजवळ गिगाबिट मिळतं. भारतात डिश टीव्हीच्या वायरी घरोघर असतातच, तिथे का कोणी करत नाही?

खटपट्या | सोमवार, सकाळी ८:५०

डिशची वायर चालू असेल तर जमत नाही. छत्रीवरून येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये असतो आणि मोकाचा पट्टा ११२५ ते १६७५, म्हणजे बरोबर त्याच्या पोटात. डिश बंद केली असेल आणि कोअॅक्स नुसती पडून असेल तर जरूर करावं. पण अॅडॉप्टरची जोडी इथे सहज मिळत नाही आणि मागवली तर महाग पडते. त्या पैशांत पांढऱ्या केसिंग पट्टीतून नवी वायर येते, वर पाच पोर्टचे दोन स्विच.

पुणेरी_शंका | सोमवार, सकाळी ९:३०

वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. पट्टीतून नवी वायर टाकायची तर कुठली घ्यावी? आणि लाईटच्या पाइपातूनच ओढली तर?

वायरमन_अण्णा | सोमवार, सकाळी १०:१०

लाईटच्या पाइपातून अजिबात नाही. २३० व्होल्टच्या शेजारी लॅन, एक साल सोलली गेली की राउटरच्या धातूच्या प्लगात करंट. स्पीडचं नंतर बघू, आधी माणूस.

वायर कॅट ६ घ्या, पण शुद्ध तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची ढिगाने आहे, खोक्यावर बारीक अक्षरांत 'सीसीए' लिहिलेलं असतं किंवा लिहिलेलंच नसतं. एक तार ब्लेडने खरवडा, आत चंदेरी दिसली की परत द्या. ती क्रिंप करताना तुटते, चार पावसाळ्यांत टोकं काळी पडतात, आणि कॅमेऱ्याला वायरीतूनच वीज देणार असाल तर तापते. तापकीर गल्लीत जाणार असाल तर ब्लेड घेऊनच जा, दुकानदाराच्या समोर खरवडा.

पुणेरी_शंका | सोमवार, सकाळी १०:२२

दुकानदार पुण्याचा आहे. खरवडू देईल का हाच तिसरा प्रश्न.

माऊची_आई | सोमवार, दुपारी १२:४५

वायरीतून कॅमेऱ्याला वीज निघालीच आहे तर विचारते. नवे कॅमेरे घ्यायचे आहेत, त्यांना पीओई (वायरीतूनच वीज देणारा) स्विच लागतो म्हणे. साधा स्विच चालणार नाही का?

खटपट्या | सोमवार, दुपारी १:०८

डेटा जाईल, वीज जाणार नाही. कॅमेरा पीओईचा असेल तर स्विचही पीओईचा हवा, नाहीतर प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा अॅडॉप्टर. साध्या मानकात पोर्टमागे १५.४ वॅट मिळतात आणि घरगुती कॅमेऱ्याला त्याच्या निम्मेही लागत नाहीत. पण खोक्यावरचा एकूण वॅटचा आकडा बघा: आठ पोर्ट लिहिलेले असतात आणि एकूण वीज चार पोर्टांपुरतीच असते. एनव्हीआरलाच मागे पीओई पोर्ट असतील तर कॅमेरे थेट त्यालाच लावा, स्विचच्या फंदात पडूच नका.

गोंयकार | सोमवार, दुपारी २:३०

विजेवरून आठवलं. राउटर छोट्या यूपीएसवर असतो म्हणून लोक स्विचही त्यालाच जोडायला जातात. पिन तीच बसते, पण राउटर बहुतेक १२ व्होल्टचा आणि छोटा स्विच ५ किंवा ९ चा. अॅडॉप्टरवरचा आकडा वाचून मगच. ५, ९, १२ अशी वेगवेगळी भोकं असलेले यूपीएस मिळतात, तेच घ्यावेत. स्विचला यूपीएस नसेल तर वीज गेल्यावर राउटर चालू आणि स्विचमागचं सगळं बंद, आणि माणूस फायबरवाल्याला फोन लावत बसतो.

तिरकस | सोमवार, दुपारी ३:१०

घरी लहान मूल असेल तर स्विच उंचावर ठेवा. आमच्या भाच्याला वायरीचं एक मोकळं टोक लोंबताना दिसलं. मुलगा शिस्तीचा, रिकामं भोक बघून त्यात बसवून टाकलं. त्या वायरीचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. अख्ख्या घराचं नेट झोपलं, स्विचचे सगळे दिवे दिवाळीसारखे एकदम.

खटपट्या | सोमवार, दुपारी ३:२५

लूप. एक पाकीट गोल गोल फिरत राहतं आणि प्रत्येक फेरीत त्याच्या प्रती वाढतात. महागड्या स्विचना हे ओळखता येतं, हजार रुपयांच्या बहुतेकांना नाही. टोक उपटलं की क्षणात सुरळीत, जळत काही नाही.

घोडबंदरवाली | बुधवार, रात्री ८:२०

झालं! सोसायटीत कॅमेरे बसवणारा मुलगा येऊन गेला. पट्टीवर खरंच तिन्ही निळ्या जोड्या एकत्र होत्या, अण्णा. आधी माझ्या खोलीची मोकळी केली, गेटवरून फोन करायला लावला, हॉलमध्ये वाजला. मग टेस्टर लावला तर निळीवर काही नाही. त्यानंतर दोन्ही टोकं आठ तारांनी बांधली. पाऊण तासाचं काम, जॅक जुनाच वापरला, चार खाचा खरंच रिकाम्या होत्या.

स्विचचा दिवा लगेच लागला, हिरवा. स्पीड टेस्ट ३०४. एनएएसवर फोटो चढत असताना कॉलही झाला, कुणाचा चेहरा गोठला नाही.

मुलाच्या खोलीचीही तशीच करून घेतली, पण आता डब्याला गिगाबिट पोर्ट एकच. प्लेस्टेशन १०० च्या पोर्टावर आहे आणि एकेका गेमला रात्र जाते. कप्प्यात आणखी एक स्विच लावला तर चालेल का? की स्विचमागे स्विच लावू नये असं काही आहे?

खटपट्या | बुधवार, रात्री ८:३५

खुशाल लावा. डब्याचा गिगाबिट पोर्ट नव्या स्विचला, आणि त्या स्विचमधून कामाची खोली, मुलाची खोली, एनव्हीआर. टीव्ही डब्याच्या १०० च्या पोर्टावरच राहू दे. घरात दोन-तीन स्विच एकामागे एक लावल्याने काही फरक पडत नाही. दोघं एकदम डाउनलोडला बसले तर ३०० दोघांत वाटले जातील एवढंच, आणि ते कुठल्याही जोडणीत होणारच.

फक्त स्विच डब्याच्या पुढे, लॅनच्या बाजूला. फायबर आणि राउटरच्या मध्ये कोणी लावत असेल तर तिथे एकाच यंत्राला पत्ता मिळतो, बाकीचे उपाशी. तुमचा डबा एकत्रच आहे, त्यामुळे तुम्हाला तो प्रश्न नाही.

वायरमन_अण्णा | बुधवार, रात्री ८:५०

कप्पा बंद दाराचा आहे ना? डबा, एनव्हीआर आणि स्विच मिळून आत भट्टी होते. दाराला वर-खाली भोकं पाडून घ्या, बारीक जाळी लावा, नाहीतर पाली उबेला येऊन बसतात. आणि तो जुना फोनचा जॅक आता मुका आहे, त्यावर टेप मारून ठेवा. उद्या कोणीतरी फोन लावून 'बंद आहे' म्हणून परत निळी उकरायला बसेल.

पुणेरी_शंका | बुधवार, रात्री ९:१५

अण्णा, ब्लेड नेलं होतं. त्याने स्वतःचं दिलं, म्हणाला, "आमचं धारदार आहे." तांबंच निघालं. ३० मीटर घेतली.